पुण्यातला बादशाही पावसाळा

हजचा नंबर लागला की आमच्या घरात पहिली चर्चा पैशांची होत नाही, मौसमाची होते. यंदा हज कोणत्या महिन्यात येतोय, तिकडं ऊन किती असेल, म्हाताऱ्या माणसाला झेपेल का, असे प्रश्न. फुफीचा नंबर २०२४ला लागला आणि हज आला नेमका जूनच्या मध्यावर. मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला होता. सौदी सरकारने नंतर जाहीर केलेला मृतांचा आकडा होता १,३०१. त्यातले पाचापैकी चार जण परवान्याविना गेलेले होते. त्यांना ना तंबू, ना गाडी, ना थंड हवा. ते उन्हातून चालत होते. फुफी सुखरूप परतली. भेटायला आलेल्या बायकांच्या हातावर खजूर ठेवता ठेवता ती म्हणाली, “चांद काय ऊन-पाऊस बघून उगवतो का? आपणच बघून निघायचं.”

हिजरी वर्ष चंद्राचं, ३५४ दिवसांचं. त्यामुळे रमजान, ईद, हज दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. इबादतीसाठी ही रचना मोठी न्यायाची आहे. कुठल्याही मुलखाच्या वाट्याला कायमचा उन्हाळी रोजा येत नाही. मात्र पेरणी, वसुली, व्यापार आणि प्रवास चंद्रावर चालत नाहीत. अरबांना हे पक्कं ठाऊक होतं. कुरैशांच्या हिवाळी आणि उन्हाळी सफरीचा उल्लेख खुद्द कुरआनात आहे. भाष्यकार सांगतात, हिवाळ्यात त्यांचे काफिले दक्षिणेला यमनकडे जात आणि उन्हाळ्यात उत्तरेला शामकडे, म्हणजे सिरियाकडे. वाळवंटात राहणाऱ्यानं कुठल्या महिन्यात कुठल्या दिशेला तोंड करायचं, याच्यावर मक्केची सगळी पेठ उभी होती.

हा मुद्दा आमच्या पुण्याशी कसा जोडला जातो ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

दख्खनमध्ये मुसलमानी राज्यं आली तेव्हा त्यांच्या कारकुनांपुढं हीच अडचण उभी राहिली. हिजरी सनावर शेतसारा वसूल करायचा तर काही वर्षांनी वसुलीची तारीख पीक उभं राहण्याआधीच येणार. त्यावर इथं जो तोडगा निघाला तो म्हणजे शुहूर सन. जुन्या मराठी पत्रांत ‘सुहूर सन’ म्हणून जो दिसतो तोच. याचे आकडे अरबी शब्दांत लिहितात, पण वर्ष सूर्याचं आणि सुरुवात मृग नक्षत्राला. म्हणून त्याला मृगसाल असंही नाव आहे. शुहूर आणि हिजरी या दोन्ही सनांचा आकडा इसवी सन १३४४ मध्ये जुळतो, त्यावरून तो मुहम्मद तुघलकाच्या काळात सुरू झाला असावा असं अभ्यासक मानतात. बहामनींनी तो वापरला, निजामशाही-आदिलशाहीने वापरला, शिवाजी महाराजांच्या आणि पुढं पेशव्यांच्या दफ्तरात तर पानोपानी आहे. पानिपतचं वर्ष मराठी कागदांत ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं येतं. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. लिहिणारा बहुतेक वेळा ब्राह्मण कारकून, शब्द अरबी आणि वर्ष सुरू होणार पहिल्या पावसाला. ‘दख्खनी’ या शब्दाचा अर्थ मला कुणी विचारला तर मी हा सन दाखवतो.

या मुलखात पावसाळा कसा असतो याचं परक्या माणसानं केलेलं एक जुनं वर्णन पुणे जिल्ह्यातलंच आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९च्या सुमारास इराणचा वाळवंटी मुलूख तुडवून होर्मुझला पोचला. तिथून जहाजानं चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. सोबत विकायला आणलेला एकच घोडा. जुन्नरात पाऊस लागला आणि गडी अडकला. चार महिने दिवस-रात्र नुसतं पाणी आणि चिखल, असं त्यानं नोंदवलं आहे. त्याच मुक्कामात जुन्नरच्या असदखानानं त्याचा घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी मुसलमानानं मध्यस्थी करून तो सोडवला. पाऊस ओसरत आल्यावर निकितीन बिदरकडे निघाला. एका माणसाला आणि एका घोड्याला थांबणं परवडतं. लाखोंच्या लष्कराला थांबणं परवडतं का, आणि न थांबणं परवडतं का, हा प्रश्न पुढं सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी औरंगजेबापुढं आला.

औरंगजेबाविषयी आपल्याकडं दोनच पद्धतीनं बोललं जातं. एका बाजूला शिव्या, दुसऱ्या बाजूला टोप्या शिवून पोट भरणाऱ्या दरवेशाच्या गोष्टी. पुण्यात राहणाऱ्या मुसलमानाकडून तर या विषयावर कुठल्या तरी एका बाजूची हजेरी मागितली जाते. मला त्या दोन्हीत रस नाही. प्रवासी म्हणून त्याच्याकडं पाहिलं तर जे दिसतं ते मात्र फार कमी लिहिलं गेलंय. ८८ वर्षांच्या आयुष्यात या माणसानं बर्फाचे घाट, वाळवंट आणि सह्याद्री असं तिन्ही पाहिलं, आणि तिन्ही ठिकाणी ऋतूनं त्याचा हिशेब केला.

पहिला धडा बल्खचा. शहाजहानला आपल्या पूर्वजांचा मुलूख, समरकंद-बुखारा, परत हवा होता. १६४६ मध्ये शहजादा मुराद हिंदुकुश ओलांडून बल्खमध्ये शिरला, पण त्याचा तिथं जीव रमेना आणि तो परत आला. मग गुजरातच्या सुभेदारीवरून औरंगजेबाला बोलावून घेतलं गेलं. १६४७च्या उन्हाळ्याच्या तोंडावर तो बल्खला पोचला. वय २८. ऐन लढाईत जोहरची वेळ झाली म्हणून घोड्यावरून उतरून त्यानं नमाज अदा केली आणि बुखाऱ्याचा अब्दुल अजीज खान थक्क झाला, हा किस्सा याच मोहिमेतला. आमच्याकडं जुम्म्याच्या बयानात तो हमखास येतो. त्याच मोहिमेचा परतीचा प्रवास मात्र कुणी सांगत नाही.

उझबेक मैदानात सापडत नव्हते आणि धान्य संपत होतं. हिंदुस्तानी शिपायांना, त्यात राजपुतांनाही, त्या थंडीत हिवाळा काढायचा नव्हता. ऑक्टोबर उजाडला. आणखी थांबावं तर घाट बर्फानं बंद होणार, निघावं तर पहिल्या बर्फात सापडणार. औरंगजेब निघाला. तो स्वतः वेळेत काबूलला पोचला. मागून येणारं सामान, खजिना, हमाल, बाजारबुणगे घाटात अडकले आणि वरून हजारा टोळ्यांनी लूट केली. जदुनाथ सरकारांनी या मोहिमेचा जो हिशेब मांडला आहे तो असा: दोन वर्षांत चार कोटी रुपये खर्च, जिंकलेल्या मुलखातून साडेबावीस लाख वसूल, एक इंचही जमीन राज्यात आली नाही. लढाईत मेलेले पाचशे आणि थंडीनं-बर्फानं मेलेले त्याच्या दहापट. या दहापटीत बहुतेक जण शिपाईसुद्धा नव्हते. त्यांची नावं कुठल्या तवारिखीत नाहीत.

पुढच्याच वर्षी इराणच्या दुसऱ्या शाह अब्बासनं हाच ऋतू हत्यारासारखा वापरला. मोगलांचं कंदाहार घ्यायचं तर कधी? भर हिवाळ्यात, जेव्हा काबूलकडून मदतीची फौज बर्फामुळे निघूच शकणार नाही. दिल्लीत सल्ला पडला की वसंत येईपर्यंत थांबू. फेब्रुवारी १६४९ मध्ये किल्ला पडला. औरंगजेब मेमध्ये कंदाहारला पोचला, उन्हाळाभर वेढा घालून बसला आणि सप्टेंबरात पुन्हा थंडीच्या भीतीनं उठला. १६५२ मध्ये परत गेला, परत रिकाम्या हातानं आला. तेव्हा ऋतू म्हणजे काय चीज असते हे या माणसाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तख्तावर आल्यावर १६५९ मध्ये त्यानं अकबराच्या काळापासून चालत आलेला सौर इलाही सन दरबारी कामकाजातून मागं सारला, नवरोजचा सण बंद केला आणि राज्यवर्षं हिजरीप्रमाणं मोजायला सांगितली. खाफीखाननं यावर जे लिहिलंय ते वाचण्यासारखं आहे. चार ऋतू, पिकं, फळं, जहागिरीची वसुली हे सगळं सूर्यावर चालतं, चंद्राच्या गणनेत बसवता येत नाही, हे गणित जाणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, तरीही बादशहाच्या धर्मनिष्ठेला अग्निपूजकांचा सण आणि त्यांचे महिने नको होते, असा त्याचा सूर. खाफीखान हा त्याच राज्यातला मुसलमान इतिहासकार, कुणी शत्रू नव्हे. अर्थात सन बदलला म्हणून बादशहाला पाऊस कळेनासा झाला असं म्हणणं बालिशपणाचं होईल. महसुलाचं फसली वर्ष चालूच होतं, आणि दख्खनची सुभेदारी त्यानं दोनदा केली होती. पण त्या दोन्ही वेळा त्याचा वावर होता तो औरंगाबाद, दौलताबाद, बिदर, विजापूरच्या पठारावर. घाटमाथा त्यानं पावसाळ्यात पाहिलेला नव्हता.

पठार आणि घाटमाथा यांत किती फरक आहे हे आपण पुणेकर विसरतो. पुण्यात वर्षाला जेमतेम ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. अंतर सव्वाशे किलोमीटरचं. पुणं डोंगराच्या पर्जन्यछायेत आहे आणि म्हणूनच इथं लष्करं पावसाळा काढायला येत. १६६० मध्ये शाहिस्तेखान मे महिन्यात पुण्यात उतरला तो याच बेतानं. मराठ्यांनी आसपासची वैरण-रसद जाळल्यामुळं त्याला जूनमध्ये चाकणकडं सरकावं लागलं आणि तिथं भर पावसात फिरंगोजी नरसाळ्यानं त्याला ५६ दिवस झुंजवलं. भुईकोट किल्ला, खंदकात पाणी, सुरुंगाची दारू भिजलेली.

मराठ्यांचं वेळापत्रक ठरलेलं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाच्या तोंडावर छावणी. चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका या अर्थानं ते सांगितलं जातं. पण ते पत्र मुळात पावसाळ्याच्या हिशेबाचं आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसात घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, असा सरळ कार्यकारणभाव त्यात आहे. रात्री दिवा उघडा ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत तपशील आहे. चार महिने एका जागी बसायचं हीसुद्धा मोहीमच असते, हे त्या लिहिणाऱ्याला कळलं होतं.

आता बादशहाकडं वळू. दख्खनमध्ये तो उतरला १६८१-८२ मध्ये. विजापूर गेलं, गोवळकोंडा गेला, संभाजीराजांची हत्या झाली, तरी युद्ध संपेना. १६९५ मध्ये इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी कृष्णेकाठी गलगल्याच्या छावणीत त्याला भेटला. छावणीत पाच लाख माणसं, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती असल्याचं त्याला सांगण्यात आलं. आकडे फुगवलेले धरले तरी ते एक चालतं-फिरतं शहर होतं. १६९९ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, हे शहर घेऊन तो स्वतः सह्याद्रीतले किल्ले जिंकायला निघाला.

किल्ल्यांचं गणित असं होतं. पाऊस संपल्यावर वेढा बसायचा. किल्लेदार हिवाळा-उन्हाळा झुंजायचा आणि मे उजाडला की वाटाघाटी सुरू करायचा. पाऊस जितका जवळ, तितका किल्ल्याचा भाव जास्त, कारण वेढा घालणाऱ्याला आता घाई असायची. परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, असाच जून १७०० मध्ये हाती आला आणि बादशहाला भर पावसात घाटाखाली उतरावं लागलं. कृष्णेला पूर, नावा मोजक्या. थोड्याशा अंतराला महिन्याहून अधिक लागला. पावसाळ्याचं शेपूट तर आणखी वाईट निघालं. सांगोल्याजवळ खवासपूरला माण नदीच्या पात्रालगत छावणी पडली होती. ऑक्टोबरच्या एका रात्री वरच्या डोंगरात कुठं तरी पाऊस झाला आणि झोपलेल्या छावणीत पाण्याचा लोंढा शिरला. आरडाओरडा ऐकून मराठे घुसले असं बादशहाला वाटलं. तो धडपडत बाहेर पडायला गेला आणि गुडघा निखळला. तो पाय पुढं नीट झालाच नाही. दरबाऱ्यांनी समजूत घातली की हा तर तैमूरलंगाचा वारसा. हांजी-हांजीचं इतकं अस्सल उदाहरण शोधून सापडणार नाही.

एवढं होऊनही १७०२ मध्ये तेच घडलं. डिसेंबर १७०१ पासून विशाळगडाला वेढा होता. गडावर परशुराम त्रिंबक. आंबा घाटात वाट काढण्यात, जंगल तोडण्यात, तोफा ओढण्यात महिने गेले. अखेर शहजादा बेदारबख्तच्या मार्फत दोन लाख रुपये मोजून जून १७०२ मध्ये गड ताब्यात आला. तोवर मृग लागून गेला होता. मराठी कागदांत ‘सलास मया व अलफ’, म्हणजे ११०३ हे नवं साल सुरू झालं होतं आणि बादशहा आंब्याच्या जंगलात होता. तिथं थांबायची सोय नव्हती. गवत सडलेलं, धान्य येण्याची वाट बंद. बल्खसारखाच पेच. थांबावं तर मरण, निघावं तर मरण. तो निघाला.

विशाळगडापासून पन्हाळ्याच्या परिसरापर्यंत अंतर ३० मैल. लष्कराला ३८ दिवस लागले.

आजही त्या भागात जुलैमध्ये गेलात तर कळेल की ओढा म्हणून ज्याच्याकडं आपण दुर्लक्ष करतो तो दोन तासांत काय रूप घेतो. असे ओढे पावलोपावली. उंट हे वाळूचं जनावर, त्याचं रुंद मऊ पाऊल शाडूच्या चिखलात घसरतं आणि एकदा बसला की उठत नाही. बैल ओझ्यासकट रुतले. हत्ती वाहून गेले. धान्य रुपयाला एक शेर झालं, आणि सरपण-वैरण तर छावणीत चुकूनच दिसायची. तंबू वाहणारी जनावरं मेल्यावर अमीर-उमरावही उघड्यावर भिजत बसले, मग हमालांचं, घासकाप्यांचं, बंजाऱ्यांचं, लेकरं कडेवर घेऊन मागं चालणाऱ्या बायकांचं काय झालं असेल? मासिर-ए-आलमगिरी ही दरबारी तवारीख, बादशहाचं गुणगान हाच तिचा धंदा, पण या प्रवासाचे हाल तिलाही लपवता आलेले नाहीत. भीमसेन सक्सेनासारखा लष्करात नोकरी केलेला कायस्थ तर या किल्ल्यांच्या मोहिमांवर वैतागूनच लिहितो.

कोण होते हे मरणारे? तुराणी, इराणी, दख्खनी मुसलमान, बुंदेले, राजपूत, मराठेसुद्धा, आणि जातीपातीची नोंद नसलेले हजारो. ज्यांना या लढाईत ‘आपले विरुद्ध त्यांचे’ एवढंच दिसतं त्यांनी एकदा या ३८ दिवसांची यादी करून पाहावी. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ दोन्ही एकाच चिखलात सापडतील.

यानंतर बादशहा बदलला, असं मला वाटतं. त्यानं कुठं कबुली दिली म्हणून नव्हे. त्याच्या पुढच्या दोन वर्षांच्या मुक्कामांवरून ते दिसतं. १७०२च्या डिसेंबरअखेर त्यानं सिंहगडाला वेढा घातला. एप्रिल १७०३ मध्ये पैसे देऊन गड घेतला. आता पुढं राजगड आणि तोरणा, दोन्ही हाकेच्या अंतरावर. मे महिना हातात होता. दोन-तीन वर्षांपूर्वीचा औरंगजेब कदाचित सरळ राजगडाखाली जाऊन बसला असता. या वेळी तो मेमध्ये पुण्यात आला आणि नोव्हेंबरपर्यंत हलला नाही.

पुणं तेव्हा लहानसा कसबा. लाल महालाच्या आठवणी चाळीस वर्षांच्या. मुठेच्या काठानं हे लाखोंचं शहर पसरलं असेल तेव्हा कसब्यातल्या माणसाला काय वाटलं असेल, याची नोंद नाही. काही आठवड्यांत मृग लागला आणि ‘अर्बा मया व अलफ’ साल उजाडलं. त्या पावसाळ्यात शहजादा कामबख्शचा मुलगा इथं वारला. त्याच्या नावावरून बादशहानं पुण्याचं नाव मुहियाबाद ठेवलं. नाव गावाला चिकटलं नाही, पण जुनं गॅझेटियर सांगतं की आजची बुधवार पेठ ती ही पेठ, मुहियाबाद. पेशवाईत तिला वाराचं नाव मिळालं. आज तिथं तपकीर गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं आहेत. वायर घ्यायला जातो तेव्हा मला कधीकधी आठवतं की ही पेठ एका मेलेल्या पोराच्या नावानं वसली होती.

त्या वर्षांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मनुची हा व्हेनिसचा प्रवासी लिहितो की १७०२ ते १७०४ या काळात दख्खनमध्ये पाऊस पडला नाही, साथ आली आणि वीस लाखांवर माणसं मेली. त्याचे आकडे जपूनच घ्यावेत, तो ऐकीव गोष्टीही बिनदिक्कत लिहितो. पण घाटात लोक बुडून मरतायत आणि पठारावर दुष्काळ, हे एकाच वर्षात घडू शकतं हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. अशा काळात पुण्याच्या परिसरात सहा महिने जे लष्कर बसलं ते काय खात होतं, आणि छावणीखाली गेलेल्या जमिनीत त्या हंगामात कुणी काय पेरलं, हे प्रश्न मला किल्ल्यांच्या यादीपेक्षा जास्त छळतात.

ऋतूची चूक फक्त मोगलांनीच केली असं नाही. याच पुण्यातल्या पेशव्यांच्या फौजेनं १७६० मध्ये ती उत्तरेत केली. अहमदशहा अब्दालीचा शिरस्ता ठरलेला होता: हिवाळ्यात हिंदुस्तानात उतरायचं, उन्हाळा तापायच्या आत डोंगरापलीकडं जायचं. १७५७ मध्ये मथुरेकडं त्याच्या लष्करात पटकी शिरली आणि त्याला परतावं लागलं. १७६० मध्ये मात्र नजीबखानाच्या भरवशावर त्यानं आपला शिरस्ता मोडला आणि उन्हाळा-पावसाळा अनूपशहरला गंगेकाठी काढला. भाऊसाहेबांची फौज पावसाळ्यात यमुनेच्या पुरामुळं अलीकडंच अडकली. पाणी उतरताना अब्दालीनं बागपतला नदी ओलांडली आणि मराठ्यांची दक्षिणेकडची वाट तोडली. मग आला पानिपतचा जानेवारी. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी धरून सगळी दख्खनी माणसं, आपल्याकडच्या थंडीच्या बेतानं आणलेले कपडे, उपाशी जनावरं, आणि समोर काबूल-कंदाहारच्या हिवाळ्यात वाढलेले अफगाण. पानिपतच्या कारणांवर कपाटभर पुस्तकं आहेत, पण नुसतं पंचांग घेऊन बसलं तरी निम्मी गोष्ट कळते.

पुण्यातून बादशहा नोव्हेंबर १७०३ मध्ये निघाला. पाऊस पूर्ण संपलेला, वाट वाळलेली. राजगडाच्या अलीकडचा घाट सारखा करण्यासाठी बेलदार आणि पाथरवट महिनाभर आधीच पाठवले होते. तरी तोफा आणि सामान चढवताना दमछाक झालीच. राजगड फेब्रुवारी १७०४ मध्ये मिळाला, तोरणा मार्चमध्ये. या साऱ्या मोहिमांत लाच न देता, रात्री दोर लावून घेतलेला किल्ला म्हणून तोरण्याचं नाव निघतं. मागच्या वर्षांचा हिशेब पाहता ही मोहीम बरीच आटोपशीर झाली म्हणायची.

फुफीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तिनं एकच विचारलं: “मग नंतर तो शहाणा झाला का?” मी म्हटलं, तोरणा घेतल्यावर हातात अजून दीड-दोन महिने होते, पण त्यानं नवा किल्ला धरला नाही. एप्रिलमध्येच तो खेडला, म्हणजे आताच्या राजगुरुनगरला येऊन बसला आणि ऑक्टोबरपर्यंत तिथून उठला नाही. तेव्हा त्याचं वय होतं ८५.